मुंबईआधीचा मुक्काम

‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात झाला. नाटककार राम गणेश गडकरी तो पाहायला उरले नव्हते. २३ जानेवारीला सावनेरला त्यांचं निधन झालं, त्याला अजून महिनाही उलटला नव्हता. नाटकातली पदं त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती आणि काही चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून आलेल्या होत्या. सुधाकर होते गणपतराव बोडस आणि सिंधू होते बालगंधर्व. ज्यांच्या भरजरी शालूंची चर्चा घरोघरी चाले, ते बालगंधर्व या नाटकात ठिगळं लावलेल्या लुगड्यात रंगमंचावर आले. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या शोकांतिकेचा पडदा पहिल्यांदा वर गेला तो असा गुजरातमध्ये.

त्याआधी वीस वर्षं, १३ जानेवारी १८९९ ला, देवलांची ‘शारदा’ किर्लोस्कर नाटक मंडळीने पहिल्यांदा केली ती इंदूरला. जरठ-बाला विवाहासारखा ज्वलंत सामाजिक विषय, तोही संगीत नाटकात, आणि आरंभ होळकरांच्या गावात. ‘मानापमान’सारखी नाटकं थेट मुंबईतच उतरली हेही खरं. तरीही बडोदं आणि इंदूर ही नावं मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. संस्थानिकांचा आश्रय हे त्याचं एक कारण. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. पण राजाश्रयाने खर्चाची सोय होते, नाटक बरं होण्याची हमी मिळत नाही. नाटक बरं होतं ते लोकांपुढे, आणि संगीत नाटकाला त्यासाठी गद्य नाटकापेक्षा जास्त वेळ लागतो.

ही गोष्ट आज सांगण्याचं कारण असं की, अमेरिकेत ती जुनी झालेली नाही. तिथल्या एखाद्या मध्यम शहरातलं नाट्यगृह येत्या हंगामाची नाटकं जाहीर करतं. त्यांत दोन-तीन कोरी संगीत नाटकं असतात आणि त्यांतलं एखादं पुढे ब्रॉडवेवर जाईल अशी उमेद गावापासून नटांपर्यंत सगळे बाळगून असतात. ही नुसती हौस नव्हे. त्यामागे एक पक्की व्यवस्था आहे. ती समजून घेतली की आपल्याकडे सुरतसारख्या शहरात काय आहे आणि काय हवं आहे, तेही दिसू लागतं.

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली ४१ नाट्यगृहं. बहुतेक टाइम्स स्क्वेअरच्या आसपास, प्रत्येकात किमान ५०० खुर्च्या. तिथे मोठं संगीत नाटक उभं करायला कोटी-दीड कोटी डॉलर सहज लागतात, पुष्कळदा त्याहूनही जास्त, आणि बहुतेक नाटकांचे पैसे परत येत नाहीत. एवढी रक्कम लावून पहिल्याच रात्री समीक्षकांपुढे कच्चं नाटक ठेवायला कोण धजावेल? म्हणून पूर्वी निर्माते सगळा संच गाडीत घालून न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट अशा गावांना नेत आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नाटक तपासून घेत.

मार्च १९४३ मध्ये न्यू हेवनच्या शुबर्ट थिएटरात रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं पहिलं एकत्र नाटक लागलं. तेव्हा त्याचं नाव होतं ‘अवे वी गो!’. तिथून ते बॉस्टनला गेलं. या मुक्कामांत एका गाण्याला पूर्ण समूहस्वर दिले गेले आणि त्या गाण्याने प्रेक्षागृह असं काही दणाणलं की त्याचंच नाव नाटकाला मिळालं. ३१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये पडदा उघडला तो ‘ओक्लाहोमा!’ या नावाने. त्याचे सलग २,२१२ प्रयोग झाले. पहिल्या मुक्कामापासून न्यूयॉर्कपर्यंत जेमतेम वीस दिवस गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत नाटकाचं नाव आणि कळसाचं गाणं दोन्ही ठरलं.

मला याहूनही बोलकं वाटतं ते १९६२ चं उदाहरण. शब्द आणि संगीत दोन्ही स्टीफन सॉन्डहाइम यांचं असलेलं ब्रॉडवेवरचं पहिलं नाटक, जुन्या रोमन प्रहसनांवर बेतलेलं, वॉशिंग्टनमध्ये चाचणीला लागलं आणि लोक हसेनात. संवाद चांगले होते, नट कसलेले होते. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांना बोलावलं तेव्हा त्यांनी दोष सुरुवातीच्या गाण्यावर ठेवला. ते गाणं हळुवार होतं, प्रेमाबद्दल होतं, त्यामुळे प्रेक्षक नाजूक काहीतरी पाहायच्या तयारीने बसायचे आणि पुढे धांगडधिंगा सुरू झाला की गोंधळायचे. सॉन्डहाइम यांनी नवं प्रारंभगीत लिहिलं. आज विनोद आहे, हसायला या, असं उघडपणे सांगणारं. नाटक बहुतांशी तेच राहिलं आणि हशा सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये ते नऊशेच्या वर प्रयोग चाललं.

मराठी वाचकाला यात ओळखीचं काही सापडेल. आपल्या संगीत नाटकात नांदी झाली की सूत्रधार आणि नटी येऊन आज कोणतं नाटक, कोणत्या रसाचं, कोणापुढे, हे बोलून घेतात. तमाशातले गण आणि गवळण हेच काम वेगळ्या रीतीने करतात. पाहणाऱ्याचे कान कोणत्या सुरात लावायचे हे आधी ठरवून टाकण्याची ती युक्ती आहे. वॉशिंग्टनमध्ये जे तिकिटाच्या पैशांनी शिकावं लागलं, ते आपल्या रंगभूमीने परंपरेत बांधून ठेवलं होतं. पण कोणती नांदी कोणत्या नाटकाला शोभते, ती किती लांब असावी, नटीच्या पदावर लोक चुळबुळतात की ऐकतात, हे प्रत्येक नव्या नाटकाला नव्यानेच पाहावं लागतं.

संगीत नाटकाला ही तपासणी जास्त का लागते? गद्य नाटकातला कच्चा प्रवेश तालमीतही बराचसा ओळखता येतो. गाण्याचं तसं नाही. पात्र बोलता बोलता कोणत्या क्षणी गायला लागतं, तो क्षण तालमीच्या खोलीत स्वाभाविक वाटतो आणि भरल्या प्रेक्षागृहात उपरा ठरतो. चाल सुंदर असते, पण तिच्यातल्या ताना कथेला तिथेच थांबवून ठेवतात. नायिकेची पट्टी आणि नायकाची पट्टी जुळत नाही म्हणून द्वंद्वगीत पडतं. एखाद्या पदाच्या आधी पडद्यामागे देखावा बदलायचा असतो, त्याला चाळीस सेकंद लागतात आणि पद तीसच सेकंदांत संपतं. यातलं एकही कागदावर कळत नाही. शिवाय एक चाल बदलली की वाद्यवृंद, नृत्य, प्रकाश, सगळ्यांचीच मांडणी बदलावी लागते. म्हणून संगीत नाटकातली दुरुस्ती खर्चाची असते आणि ती मोठ्या शहरात पोचण्याआधी झालेली बरी.

पुढे रेल्वेने संच फिरवणंही परवडेना. तेव्हा हे काम अमेरिकेतल्या प्रादेशिक नाट्यगृहांनी उचललं. ही बहुतेक नफा न कमावणाऱ्या संस्थांची असतात. गावातले लोक वर्षाच्या सगळ्या नाटकांचं तिकीट एकदम घेतात, उरलेला पैसा देणग्यांतून येतो. कनेक्टिकट नदीच्या काठावर ईस्ट हॅडम नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गुडस्पीड ऑपेरा हाउसमध्ये खुर्च्या जेमतेम चारशे. ‘मॅन ऑफ ला मांचा’ १९६५ मध्ये तिथेच पहिल्यांदा झालं. १९७६ च्या उन्हाळ्यात तिथे ‘अ‍ॅनी’ लागलं. पहिल्या आठवड्यातच नाव-भूमिकेतली मुलगी बदलावी लागली आणि समूहातली अँड्रिया मॅकार्डल पुढे आली. अनाथ मुलगी फार सोशिक दिसत होती, तिला रस्त्यावर वाढलेल्या पोरीचा कणखरपणा हवा होता. हे कळलं ते प्रयोग सुरू झाल्यावर. पुढच्या वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि २,३७७ प्रयोग चाललं.

या व्यवस्थेतली पैशांची बाजू आपल्याकडे फारशी माहीत नाही. नव्या नाटकाचे हक्क घेतलेला न्यूयॉर्कचा निर्माता प्रादेशिक नाट्यगृहाला त्याच्या नेहमीच्या खर्चावर जादा रक्कम देतो. त्या पैशात मोठा वाद्यवृंद, अधिक नट, चांगला देखावा होतो. नाटक पुढे चाललं तर त्या नाट्यगृहाला उत्पन्नातला छोटा वाटा मिळत राहतो. एखादं नाटक गाजलं तर तो छोटा वाटाही छोट्या संस्थेला पुष्कळ वर्षं तारतो. याला टीकाकारही आहेत. गावाच्या देणग्यांवर चालणारी संस्था व्यापारी निर्मात्याची तालीम-खोली बनते, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. जिथे नाट्यगृहाने विषय आणि लेखक स्वतः निवडले तिथे गावालाही नाटक मिळालं. जिथे नुसती जागा भाड्याने दिल्यासारखं झालं तिथे गावाच्या हाती काही उरलं नाही.

‘कम फ्रॉम अवे’ या नाटकाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झाल्यावर अडतीस विमानं कॅनडातल्या गँडर या छोट्या गावात उतरवली गेली आणि गावाने हजारो अनोळखी प्रवाशांना दिवसचे दिवस सांभाळलं. त्या घटनेवरच्या नाटकाचा पहिला खर्डा २०१२ मध्ये ओंटारिओतल्या शेरिडन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी करून पाहिला. मग गुडस्पीडचा नव्या नाटकांचा महोत्सव, मग २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातलं ला होया आणि सिएटल, पुढे वॉशिंग्टन आणि टोरोंटो, आणि २०१७ च्या मार्चमध्ये ब्रॉडवे. पाच वर्षं आणि अर्धा डझन गावं. एका कॉलेजने अर्धवट नाटक करायची तयारी दाखवली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

अर्धवट नाटक करायची ही तयारी मराठी रंगभूमीच्या मुळाशीच आहे. १८८० मध्ये पुण्यात एका पारशी कंपनीची उर्दू ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली. ३१ ऑक्टोबर १८८० ला आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतल’ झालं, ते पहिले चारच अंक. उरलेले तीन अंक पुढे आले. १८ नोव्हेंबर १८८२ ला ‘सौभद्र’ उतरलं, तेही तीनच अंकांचं, आणि संपूर्ण नाटक त्यानंतर काही महिन्यांनी. आज कुणी अर्धं नाटक रंगमंचावर आणलं तर आपण त्याला घाई म्हणू. किर्लोस्करांच्या हातात मात्र अशी गोष्ट होती जी मराठीत त्याआधी त्या रूपात नव्हती. ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या वळणाच्या चाली, कर्नाटकी ढंग, हे सगळं एका रात्रीत लोक पचवतील का, याचं उत्तर लोकांपुढे गेल्याशिवाय मिळणार नव्हतं. पहिले अंक चालले तेव्हा पुढच्या अंकांना आधार मिळाला.

आणि त्यात एक बडोद्याचा धागा आहे. १८८२ मध्ये किर्लोस्करांना भाऊराव कोल्हटकर सापडले ते बडोद्यात. भाऊरावांचा जन्म तिथलाच, १८६३ चा, आणि ते तिथे पोलीस खात्यात कारकुनी करत होते. त्यांच्या उंच, धारदार आवाजाने किर्लोस्कर मंडळीचं गाणंच बदललं. आवाज बदलला की लेखन बदलतं हे संगीत नाटकाचं वैशिष्ट्य आहे. नवं गाणारं माणूस मिळालं की नाटककार त्या गळ्याला शोभेल असं लिहू लागतो. गुजरातेतल्या एका कचेरीतून उचललेल्या गळ्याने मराठी नाट्यसंगीताला वळण दिलं, ही गोष्ट मला राजाश्रयापेक्षा मोठी वाटते.

मुंबईहून बडोद्याला जायचं तर बी.बी.सी.आय. रेल्वेने सुरतेवरूनच जावं लागे. सुरतेला रेल्वे पोचली १८६० मध्ये, आणि १८६४ पर्यंत मुंबई-अहमदाबाद मार्ग पूर्ण झाला. या एका लोहमार्गाने पश्चिम किनाऱ्यावरची सगळी फिरती रंगभूमी बांधली. पारशी कंपन्या, मोरबीची आर्य सुबोध नाटक मंडळी, अहमदाबादचा देशी नाटक समाज, मुंबई गुजराती नाटक मंडळी यांची नाटकं याच पट्ट्यात वाढली. मराठी आणि गुजराती कंपन्यांचं जगणंही सारखंच होतं. गावात महिनोन्‌महिने मुक्काम, कंपनीचं स्वतःचं बिऱ्हाड, रात्री नऊला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग, एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, दारात विकली जाणारी गाण्यांची पुस्तकं. १९०१ मध्ये ‘सौभाग्यसुंदरी’मधल्या भूमिकेने जयशंकर भोजक यांना ‘सुंदरी’ हे नाव कायमचं चिकटलं. ते आणि बालगंधर्व वयाने जवळजवळ सारखे, एक १८८९ चा, एक १८८८ चा, आणि दोघेही स्त्रीभूमिकांचे सम्राट. दोन भाषांत एकाच काळात एकच कला फुलत होती.

वन्समोअर ही केवळ दाद नव्हती. कोणतं पद पुन्हा मागितलं जातं, कोणतं ऐकून लोक पानाचा डबा उघडतात, यावरून कंपनीचा मालक पदं गाळायचा, चाली फिरवायचा. ‘शाकुंतल’च्या दोनशेच्या आसपासच्या पदांवरून पुढच्या काळातली नाटकं हळूहळू कमी पदांवर आली, ती अशा शेकडो रात्रींच्या हिशेबातून. ब्रॉडवेवर जे काम दिग्दर्शक वही घेऊन शेवटच्या रांगेत बसून करतो, ते आपल्याकडे गावोगावचे प्रेक्षक मोठ्या आवाजात करत होते.

सुरतेचं स्वतःचं नाट्यवैभव लहान नाही. कवी नर्मद या शहराचे, आणि त्यांनी नाटकंही लिहिली. नवलराम पंड्या सुरतचे. मोलिएरवरून इंग्रजीमार्गे आलेलं त्यांचं ‘भटनुं भोपाळुं’ हे प्रहसन १८६७ चं. चंद्रवदन मेहता १९०१ मध्ये सुरतेत जन्मले आणि धंदेवाईक रंगभूमीच्या साचेबंदपणावर आयुष्यभर तुटून पडले. रेल्वे कामगारांच्या जगण्यावरचं त्यांचं ‘आगगाडी’ हे गुजराती नाटकाला रस्त्यावर आणणारं नाटक आहे. हरिहर जरीवाला, म्हणजे संजीवकुमार, यांचा जन्मही सुरतचा आणि पाल भागातल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. यझदी करंजिया यांनी पारशी-गुजराती विनोदी नाटकांची परंपरा सुरतेत हौसेने टिकवली, असंख्य प्रयोग मदतनिधीसाठी केले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षीच्या पद्मश्रींत सरिता जोशी यांचंही नाव होतं. गुजराती रंगभूमीची ही मोठी अभिनेत्री मूळची पुण्याच्या भोसले घरातली मराठी मुलगी. ती आणि तिची थोरली बहीण पद्माराणी या बडोद्यात वाढल्या आणि तिथल्याच नाटक कंपनीतून रंगमंचावर आल्या. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून मधु राय यांनी ‘संतु रंगीली’ लिहिलं, त्यातली संतु सरिता जोशींची. मराठीत त्याच शॉवरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणलं. आणि ‘पिग्मॅलियन’चंच संगीत नाटक झालेलं ‘माय फेअर लेडी’ १९५६ मध्ये पहिल्यांदा उतरलं ते न्यू हेवनमध्येच. वाद्यवृंदाबरोबर गायला घाबरलेल्या रेक्स हॅरिसन यांनी त्या संध्याकाळी रंगमंचावर जायलाच नकार दिला होता. मनधरणीने ते कसेबसे उभे राहिले. मोठ्या नटालाही आपली भीती काढायला मोठ्या शहराबाहेरचं गाव लागतं.

आज सुरतेत काय आहे? प्रेक्षक आहे आणि तिकिटाला पैसाही आहे. गुजराती शहरांत सोशल ग्रुपची पद्धत खोलवर रुजली आहे. सभासद वर्षाची वर्गणी भरतात, मंडळ दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी एखाद्या नाटकाचा अख्खा प्रयोग विकत घेतं आणि सभासद कुटुंबासह येतात. वर्षाचं तिकीट एकदम घेणाऱ्या अमेरिकन गावाचीच ही आपल्याकडची रीत. निर्मात्याला प्रयोगाआधीच पैशांची खात्री मिळते. नाटकाला जाण्याची सवय तुटत नाही. पण या व्यवस्थेची एक मर्यादा आहे आणि ती मला फार खटकते. मंडळं विकत घेतात ते मुंबईत आधीच चाललेलं नाटक, ओळखीच्या चेहऱ्याचं, शक्यतो हसवणारं. नवं, अनोळखी, त्यातून गाण्यांचं नाटक कोण घेणार? मुंबई-पुण्यात तयार झालेला माल बाकीच्या गावांत पोचतो. १९१९ मध्ये प्रवाहाची दिशा उलट होती.

त्याच शहरात दुसरी एक चांगली गोष्ट वर्षानुवर्षं चालू आहे. सुरत महानगरपालिका गुजराती नाट्यस्पर्धा भरवते आणि स्थानिक संस्था तिच्यासाठी पूर्ण लांबीची नाटकं बसवतात. स्पर्धेतून काय होऊ शकतं हे महाराष्ट्राला माहीत आहे. नाशिकच्या प्राजक्त देशमुखची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती. स्पर्धांतून गाजली, वाढली, आणि २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आली. दोनच स्त्रीपात्रं, तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई. त्याच्या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ते नाटक पहिल्यापासून व्यावसायिक निर्मात्याच्या टेबलावर गेलं असतं तर दोन पात्रांचं संगीत नाटक म्हटल्यावर कुणी पुढे ऐकलं असतं का, शंकाच आहे. त्याआधीचं मोठं उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चं. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यातल्या हौशी कलावंतांनी केलेलं, भास्कर चंदावरकरांच्या संगीताचं आणि माणसांच्याच पडद्याचं हे नाटक १९८० मध्ये युरोपात फिरून आलं. जगात गेलेलं आपलं हे नाटक जन्मलं ते हौशी तालमींत.

सुरतेतल्या मराठी माणसाचाही विचार यात हवा. तापी खोऱ्यातून उधन्याकडे येणारा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि अमळनेर, नंदुरबार, धुळे, जळगावची माणसं त्याच वाटेने कामाला आली. आज लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशी मराठी आणि अहिराणी रोज कानावर पडते. श्रावणात कानबाई बसते, रात्रभर बायकांची गाणी चालतात. महापालिका गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी, ओडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. एकाच गल्लीत तीन-चार भाषा बोलणारं असं शहर संगीत नाटकाला फार उपयोगी आहे असं मला वाटतं. ज्याला प्रत्येक शब्द कळत नाही तो प्रेक्षक चाल, लय, हालचाल यांवरूनच गोष्ट पकडतो. गाणं कथा पुढे नेतं की नुसतं गोड लागतं, हे तो सर्वांत आधी सांगू शकतो. अण्णासाहेबांनाही संगीत नाटकाचं बळ दिसलं होतं ते दुसऱ्या भाषेतल्या नाटकात.

गुजरातीत या वाटेचा एक सुंदर नमुना आहे. १९५३ मध्ये अहमदाबादच्या नटमंडळाने रसिकलाल परीखांचं ‘मेना गुर्जरी’ केलं. दिग्दर्शक होते तेच जयशंकर सुंदरी, त्या वेळी साठी ओलांडलेले आणि रंगमंचावरून केव्हाचे निवृत्त झालेले. मेना झाल्या होत्या दीना गांधी, पुढच्या दीना पाठक. भवाईच्या लोकनाट्यातली गाणी, चाल आणि वेश घेऊन केलेलं ते नवं संगीत नाटक होतं, आणि त्यासाठी मुंबईकडे पाहण्याची गरज पडली नव्हती. तालीम-शाळा, जाणता दिग्दर्शक आणि स्थिर संस्था एवढं अहमदाबादला जमलं होतं.

सुरतेला तेवढंच जमवायचं आहे. वर्षाला दोन किंवा तीन नवी संगीत नाटकं, एक मराठी, एक गुजराती, जमलं तर एक दोन्ही बोलींत मिसळलेलं. प्रत्येकाला एकाच सभागृहात सलग दोन आठवडे, त्यांत आठ प्रयोग. मधल्या दिवसांत सभागृह रिकामं ठेवून तिथेच तालीम, कारण चाल बदलली तर ती त्याच रंगमंचावर, त्याच वाद्यांबरोबर बसवावी लागते. हे भाडं महापालिकेने सोडावं. लेखक आणि संगीतकार यांनी ते दोन आठवडे शहरातच राहावं आणि रोज मागच्या रांगेत बसावं. ध्वनिमुद्रित संगीत वापरू नये. ऑर्गन, तबला, व्हायोलिन, ढोलकी हातात असलेली माणसं हवीत, कारण ध्वनिफितीतलं पद आज रात्री दोन ओळींनी कमी करता येत नाही.

सोशल ग्रुपांनी वर्षाच्या बारा प्रयोगांपैकी एकच प्रयोग नव्या नाटकासाठी राखावा आणि सभासदांना आधी स्पष्ट सांगावं की हे नाटक अजून बदलतं आहे, तुमच्यापुढे बदलणार आहे. मुंबई-पुण्याच्या निर्मात्याने जादा खर्च उचलावा आणि नाटक पुढे चाललं तर सुरतच्या संस्थेला उत्पन्नातला ठरलेला वाटा लेखी करारात द्यावा. विषयही इथल्याच मातीतून निघावेत: उधन्याच्या यंत्रमागांचा अखंड ठेका, हिऱ्याच्या घंटीपुढे वाकून बसलेली पोरं, तापीचा २००६ चा पूर, नर्मदांचा विधवाविवाहासाठीचा लढा. २००६ च्या पुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता आणि वरच्या मजल्यांवर कोंडलेली कुटुंबं शेजाऱ्यांच्या आधाराने राहिली. गँडर गावाची गोष्ट ब्रॉडवेवर जाते, तर या रात्रींचंही संगीत नाटक व्हायला हरकत नाही. पहिल्या प्रयोगाला तीनशे माणसं आली तरी पुरे. त्यातले पाचजण मध्यंतरात लेखकाजवळ येऊन दुसऱ्या अंकातलं ते लांब पद काढा म्हणाले, तर ती वही घेऊन त्याच रात्री बसायचं.